बटणं ओळीत मावत नाहीत

प्रश्न : डब्यांच्या ऑर्डरचं अ‍ॅप फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवायच्या साधनात) करतेय. भाज्यांची बटणं ‘रो’मध्ये आहेत. इंग्रजीत नीट दिसतात, मराठीत उजवीकडे पिवळे-काळे पट्टे येतात. अक्षर लहान करू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नको, ताई. तुमचा डबा मागवणाऱ्या आजोबांनी फोनचं अक्षर आधीच मोठं केलेलं असतं. ‘रो’ म्हणजे एकच ओळ, जागा संपली तरी ती मोडत नाही. ‘मेथी’ मावते, ‘भरली वांगी’, ‘डाळिंबी उसळ’ आली की संपलं! ‘रॅप’ वापरा, न मावणारं बटण आपोआप खाली जाईल. ‘स्पेसिंग’ म्हणजे शेजारच्या बटणांतलं अंतर, ‘रनस्पेसिंग’ ओळींमधलं. हे दुसरं मी हमखास विसरायचो.

एकदा माझा ‘रॅप’ मोडेचना. अर्धी दुपार गेली. तो ‘रो’च्या आत, चित्राशेजारी बसवला होता आणि ‘रो’ त्याला रुंदीची मर्यादाच देत नव्हता. मग ओळ मोडणार कुठे? ‘रॅप’भोवती ‘एक्स्पांडेड’ (ओळीतली उरलेली जागा देणारं आवरण) घातलं, सुटलं. उलट करू नका, ‘रॅप’च्या आत ‘एक्स्पांडेड’ चालत नाही.

आणि हो, ते पट्टे म्हणजे न मावल्याचा इशारा, तो फक्त अ‍ॅपच्या चाचणीच्या आवृत्तीत (डीबग बिल्डमध्ये) दिसतो. गिऱ्हाइकाला नुसती कापलेली ‘भरली वां’ दिसेल.