कॉलेजच्या कार्यशाळेत नवख्या मुलांना मराठी विकिपीडियाचे नियम कसे समजावून सांगावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनानिमित्त कॉलेजात ३० मुलांची विकिपीडिया कार्यशाळा आहे. गेल्या वर्षी मुलांनी लिहिलेले निम्मे लेख आठवडाभरात काढले गेले. म्हणून या वेळी पहिला तास फक्त नियमांना द्यावा का?

माझं उत्तर: देऊ नका. तटस्थता, उल्लेखनीयता (विषय लेख लिहिण्याजोगा असणं), प्रताधिकार (कॉपीराइट) हे शब्द फळ्यावर लिहून मुलं ते वहीत उतरवतील आणि लिहायला बसल्यावर विसरतील. मुळात दुखणं नियम न शिकवण्याचं नाही. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायला बसवणं, हे आहे. नवा लेख हे विकिपीडियावरचं सर्वांत अवघड काम, कारण तिथे सगळे नियम एकदम अंगावर येतात. त्याऐवजी प्रत्येकाला असलेल्या लेखात एक वाक्य भरायला सांगा आणि त्या वाक्याला एक संदर्भ जोडायला सांगा. एवढ्यात जवळजवळ सगळे नियम येऊन जातात, आणि नेमके हात अडतो तिथे येतात.

आता तयारी. सगळ्यात आधी खाती. एका अंकपत्त्यावरून (आयपी ॲड्रेस) २४ तासांत साधारण ६च नवी खाती उघडता येतात. कॉलेजची सगळी लॅब बाहेर एकाच अंकपत्त्याने जाते, त्यामुळे सातव्या मुलाला नकार मिळतो आणि अर्धा तास तिथेच जातो. म्हणून मुलांना दोन-तीन दिवस आधी घरून खाती उघडायला सांगा. मोबाइल नेटवर्कचे काही अंकपत्ते रोखलेले असतात, तेव्हा ज्याला जमलं नाही त्याने दुसऱ्याच्या वायफायवरून प्रयत्न करावा. खातं एका माणसाचं असतं. कॉलेजच्या नावाचं एकच खातं काढून सगळ्यांनी वापरायचं, असं करू नका. आठवडाभर आधी विकिपीडियावरच्या ‘चावडी’ या सामायिक चर्चेच्या पानावर तारीख, वेळ आणि सदस्यनावांची यादी टाका. एकाच दुपारी ३० अनोळखी खाती धडाधड बदल करू लागली, तर नवे बदल तपासत गस्त घालणाऱ्या सदस्याला तो खोडसाळपणा वाटणं साहजिक आहे.

दुसरं, लेख तुम्ही निवडा, मुलांवर सोडू नका. मुलांवर सोडलंत की स्वतःचं गाव, आवडता युट्यूबर आणि संस्थेचे अध्यक्ष, हे तीनच विषय येतात. जिल्ह्यातले किल्ले, नद्या, घाट, तालुके यांवरचे चार-पाच ओळींचे, संदर्भ नसलेले ३५-४० लेख शोधून ठेवा. प्रत्येकासाठी छापील साधन टेबलावर हवं: जिल्हा गॅझेटियर, २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, मराठी विश्वकोशाचा खंड, ग्रंथालयातली स्थानिक इतिहासाची पुस्तकं. ब्लॉग, फेसबुक, व्हॉट्सॲपवरून फिरत आलेली माहिती आणि इंग्रजी विकिपीडिया ही साधनं नव्हेत. इंग्रजी लेखातून भाषांतर चालतं, पण मग मूळ लेखाचा उल्लेख बदल जतन करताना लिहायच्या सारांशात करावा लागतो आणि संदर्भ त्या लेखाने वापरलेला द्यायचा, तोही स्वतः उघडून पाहून.

कार्यशाळेची पहिली १५ मिनिटं कुठल्याही लेखाचा ‘इतिहास पहा’ हा टॅब उघडा. कोणी, केव्हा, किती बाइट मजकूर भरला वा काढला, ते दिसतं. कोणता बदल कोणी उलटवला आणि सारांशात काय कारण लिहिलं, तेही दिसतं. उलटवणं म्हणजे हाकलणं नव्हे, हे मुलांना इथे कळतं. आधीच्या सगळ्या आवृत्त्या तिथेच असतात.

मग प्रत्येकाने आपल्या सदस्यपानाखाली स्वतःची धूळपाटी (सरावाचं पान) उघडून वाक्य लिहावं. सगळ्यांची मिळून असलेली धूळपाटी वापरू नका, एकाचं लिखाण दुसरा पुसतो. इथे एक नमुना सगळ्यांसमोर पडद्यावर सोडवा. गावाच्या लेखात हमखास येणारा मजकूर असा असतो:

‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं आमचं गाव निसर्गसौंदर्याने नटलेलं असून येथील लोक कष्टाळू व मनमिळाऊ आहेत. ग्रामदैवत भैरवनाथ नवसाला पावणारा आहे. नुकतंच गावात सुंदर सभामंडप बांधण्यात आला.’

एकेक शब्द घेऊन विचारा: हे कुठल्या पुस्तकात सापडेल? ‘आमचं’ जातं, कारण लेख कोणाच्या तोंडचा नसतो. ‘नटलेलं’, ‘मनमिळाऊ’, ‘सुंदर’ ही मतं आहेत. जगातलं कुठलं गाव स्वतःला भांडखोर म्हणवून घेईल! ‘नुकतंच’ पाच वर्षांनी खोटं ठरतं, तिथे साल हवं. ‘नवसाला पावणारा’ यावर मुलं थोडी वाद घालतील, घालू द्या. विकिपीडिया श्रद्धा नाकारत नाही, फक्त ती कोणाची ते सांगते: ‘नवसाला पावतो अशी भाविकांची श्रद्धा आहे’, आणि तसं नोंदवणारं पुस्तक जोडायचं. शेवटी लिहायचं उरतं ते गावाचं तालुका-जिल्ह्यासह स्थान, जनगणनेतली लोकसंख्या, ग्रामदैवत आणि यात्रेचा महिना. चारच गोष्टी, पण कोणी उलटवणार नाही अशा. व्यक्तींच्या लेखात हीच कात्री ‘मा.’, ‘साहेब’, ‘लोकनेते’, ‘दुःखद निधन’ यांवर चालवायची.

संदर्भ जोडताना संपादनाच्या खिडकीतल्या पट्टीवरचं अवतरणचिन्हाचं बटण दाबायचं. दुवा टाकला की तपशील आपोआप भरले जातात, पण मराठी वर्तमानपत्रांच्या बाबतीत तारीख किंवा लेखकाचं नाव अनेकदा सुटतं, ते हाताने भरा. पुस्तक असेल तर लेखक, प्रकाशक, साल आणि पृष्ठक्रमांक. पृष्ठक्रमांक नसलेला संदर्भ पडताळणार कसा?

सगळ्यात जास्त लेख बळी जातात ते नकल-डकव (कॉपी-पेस्ट) केल्याने. जतन केलेला मजकूर सीसी बाय-एसए ४.० या मुक्त परवान्याखाली जातो, म्हणजे तो कोणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो. वर्तमानपत्रातला उतारा मुळात तुमचा नाही, तर तो असा दान करण्याचा हक्क तुम्हाला कुठून येणार? ‘केले’चं ‘करण्यात आले’ करून सुटका होत नाही. मुलांना साधी युक्ती द्या: परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, मग लिहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११पासून मुक्त आहे. पण असे पूर्ण ग्रंथ विकिस्रोत या विकिपीडियाच्या भगिनी ग्रंथालयात जातात, विकिपीडियावर नाही. फोटोंचंही तेच. स्वतः काढलेला असेल तरच कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहात, चढवा. चौकातल्या कायमस्वरूपी पुतळ्याचा फोटो चालतो. शेजारच्या फ्लेक्सचा चालत नाही.

संस्थेच्या अध्यक्षांवर लेख हवाच, असा वरून निरोप आला तर? संस्थेच्या स्मरणिकेतला गौरवलेख हा स्वतंत्र स्रोत नाही. संस्थेशी संबंध नसलेल्यांनी त्यांच्यावर सविस्तर लिहिलेलं किमान दोन ठिकाणी सापडत नसेल, तर नाही म्हणून सांगा. पगाराचा किंवा मानधनाचा भाग म्हणून कोणी लिहीत असेल, तर ते जाहीर करणं वापराच्या अटींनुसार बंधनकारक आहे.

आणि गेल्या वर्षीचे लेख? काढलेल्या पानाचं शीर्षक उघडलंत की कोणी आणि का काढलं, ती नोंद दिसते. तोच मजकूर पुन्हा टाकू नका. ते काढणाऱ्या प्रचालकाच्या (पानं काढण्याचे अधिकार असलेल्या सदस्याच्या) चर्चापानावर विचारा आणि खाली चार टिल्ड (~~~~) टाकून सही करा. देवनागरी कळफलकावर टिल्ड सापडत नसेल तर सहीचं बटण आहे. कारण नकल असेल तर तो मजकूर विसरा. कारण संदर्भांचा अभाव असेल, तर प्रचालक बहुधा तो तुमच्या धूळपाटीवर परत देतात. ज्या मुलांनी ते लिहिले होते, त्यांनाच यंदा साधनं घेऊन त्यावर बसवा. ३० मुलांमागे असे चार-पाच जुने हात असतील तर तुम्हाला टेबलाटेबलावर पळावं लागणार नाही.