परक्या विद्यापीठाचं वाय-फाय आपला फोन ओळखतं कसं?

प्रश्न : माझी मुलगी गोव्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. परिषदेसाठी ती नेदरलँड्सला गेली, तेव्हा तिथल्या विद्यापीठाच्या आवारात फोन आपोआप वाय-फायला जोडला गेला. पासवर्ड कोणी मागितलाच नाही. म्हणजे तिचा पासवर्ड त्यांच्याकडे गेला का? घरात सगळ्यांनाच घोर लागला आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही गेला. या सोयीचं नाव एड्युरोम. फोनने तिथे जे नाव सांगितलं, त्यात ‘ॲट’च्या खुणेनंतर गोव्यातल्या संस्थेचा पत्ता होता. डच विद्यापीठाने तेवढाच वाचून विचारणा पुढे धाडली. टप्प्याटप्प्याने ती भारतात अर्नेटच्या, म्हणजे आपल्याकडच्या शैक्षणिक नेटवर्कच्या, सर्व्हरवर आली आणि तिथून मुलीच्या संस्थेत पोचली. पासवर्ड बंद लिफाफ्यात होता. वाटेतल्या टपाल कचेऱ्यांनी पत्ता पाहिला, लिफाफा फोडला तो घरच्या संस्थेने. ‘ही मुलगी आमचीच आहे’ असा संस्थेचा निरोप गेला आणि तिकडचं वाय-फाय सुरू झालं.

ही कल्पना २००२ साली नेदरलँड्सच्या शैक्षणिक नेटवर्कमधल्या, म्हणजे सर्फनेटमधल्या, क्लास विरेंगा यांनी मांडली. पहिली चाचणी पाच देशांतल्या पाच संस्थांमध्ये झाली. त्यांत पोर्तुगालही होतं. यासाठी रेडियस हा लॉगिनची विचारणा सर्व्हरकडे नेणारा जुना प्रोटोकॉल वापरला होता, आणि तो इतक्या लांबच्या प्रवासासाठी घडवलेलाच नव्हता. वाटेत माहितीची पाकिटं हरवायची, आणि रेडियसचं संरक्षण एमडी५ या १९९२ च्या गणिती तंत्रावर उभं होतं. या मंडळींनी आपल्यापुरती मलमपट्टी केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. विरेंगा आणि लक्झेंबर्गच्या शैक्षणिक नेटवर्कमधले श्टेफान विंटर यांनी इतरांच्या साथीने इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफपुढे प्रस्ताव नेला. रेडियसला टीएलएसचं, म्हणजे वाटेतला मजकूर गुप्त ठेवणाऱ्या तंत्राचं, कवच देणारा आरएफसी ६६१४ मे २०१२ मध्ये निघाला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचा क्रमांक दिलेला तांत्रिक दस्तऐवज). पुढे २०१५ मध्ये एड्युरोमची सगळी रचनाच आरएफसी ७५९३ म्हणून प्रसिद्ध झाली. जुलै २०२४ मध्ये विद्यापीठांतल्या संशोधकांनी उद्योगातल्या सहकाऱ्यांसह रेडियसमधल्या एमडी५वरचा हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला, तेव्हा कवच किती गरजेचं होतं ते जगाला कळलं. एड्युरोमच्या लॉगिनची पद्धत वेगळी असल्याने त्याला या हल्ल्याची झळ बसली नाही.

आता काळजीची खरी जागा सांगतो. मी गोव्यातल्या एका कॉलेजचं नेटवर्क बरीच वर्षं सांभाळलं. नव्या वर्षाला मुलं फोन घेऊन रांगेत उभी राहायची, आणि अनेकांच्या फोनमध्ये सर्टिफिकेटच्या, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राच्या, रकान्यात ‘डू नॉट व्हॅलिडेट’ (तपासू नका) निवडलेलं असायचं. कारण एका सूचनाफलकावर तसंच लिहिलं होतं! असं केलं की समोरचा सर्व्हर आपल्याच संस्थेचा आहे का, हे फोन तपासतच नाही. कोणीही बसस्टँडवर त्याच नावाचं खोटं वाय-फाय लावून लिफाफा स्वतः फोडू शकतो. मानक लिहिणाऱ्यांनी हे बजावून ठेवलं आहे. संस्थांनी ते पाळायला हवं, आणि न पाळणं मला अक्षम्य वाटतं. मुलीला तो रकाना आजच पाहायला सांगा. तिथे ‘डू नॉट व्हॅलिडेट’ असेल तर जुनी जोडणी पुसून संस्थेने दिलेल्या ॲपमधून नव्याने करायची आणि पासवर्डही बदलायचा.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अशी मानकं ठरवताना आमच्यासारख्यांना कोण विचारणार?
— एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : विचारण्याची वाट पाहू नकोस. पहिला आरएफसी ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिला, तेव्हा ते कॅलिफोर्नियात विद्यार्थीच होते. आयईटीएफला सदस्यत्व नाही, मतदानही नाही. बैठकीत कल अजमावायचा तर लोक गुणगुणतात. चर्चेचा बराचसा भाग ईमेलवर चालतो, त्यात कोणीही लिहू शकतं. ऑनलाइन हजर राहणाऱ्याला फी माफ करून मिळते.

फक्त हातात काहीतरी घेऊन जा. पावसाळ्यात वीज जाऊन आली की हॉस्टेलचे शेकडो फोन एकदमच लॉगिन मागतात. त्यांतले किती फसतात, किती वेळाने जोडले जातात, कुठल्या टप्प्यावर अडतात, हे कॉलेजची परवानगी घेऊन आणि नावं गाळून मोजून ठेव. आयईटीएफमध्ये रेडियसवर काम करणारा गट आहे, ‘रॅडएक्स्ट’. त्यांचे मसुदे वाच, आणि तुझे आकडे मसुद्याशी जिथे जुळत नाहीत तिथेच पहिला प्रश्न विचार.