एकाच डायलच्या सिंथेसायझरसाठी घरी नॉबचा डबा कसा बनवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताशी रोलंडचा अल्फा जुनो-१ हा सिंथेसायझर आहे, आवाज मनासारखा आहे, पण फिल्टर (आवाजाचा तेजपणा कापणारा भाग) जरासा उघडायचा म्हटलं तरी आधी पॅरामीटर, म्हणजे ती सेटिंग, शोधायचा आणि मग तो एकुलता एक डायल फिरवायचा. पीजी-३०० हा त्याचा मूळ प्रोग्रामर, म्हणजे पॅरामीटर बदलायचा जोडडबा, मिळत नाही. थोडंफार सोल्डरिंग येतं, अर्डुइनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डवर एलईडी लुकलुकवून झालाय. घरी नॉबचा कंट्रोलर होईल का?

होईल. मी याच सिंथसाठी बनवलाय आणि तो रोज वापरतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण मला ती फार उशिरा कळली. नॉब फिरवल्यावर आवाज बदलणं हे सोपं काम आहे, ते एका संध्याकाळीत होतं. खरी मेहनत आहे ती न फिरवलेला नॉब गप्प ठेवण्यात. माझा बहुतेक वेळ तिथेच गेला, म्हणून या उत्तरातही तोच भाग लांबणार आहे.

आधी सिंथशी बोलायचं कसं ते बघू. अल्फा जुनो १९८५ चा. मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा, तेव्हा नुकतं रुळत होतं. १९८३ च्या जानेवारीत सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ पहिल्यांदा एकमेकांना जोडून दाखवले गेले होते. आजचे बहुतेक सिंथ कटऑफसाठी (फिल्टर किती उघडा ते) सीसी ७४ सारखा, म्हणजे ‘कंट्रोल चेंज’चा, तीन बाइटचा छोटा संदेश ऐकतात. अल्फा जुनो तसं ऐकत नाही. त्याला सिस्टीम एक्सक्लूझिव्ह, म्हणजे सिसेक्स, लागतो. एका पॅरामीटरसाठी दहा बाइट असे, हेक्समध्ये: एफ० ४१ ३६ ०० २३ २० ०१, मग पॅरामीटरचा क्रमांक, मग किंमत, आणि शेवटी एफ७. यातला ४१ म्हणजे रोलंड, ३६ म्हणजे ‘एकच पॅरामीटर बदलतोय’, त्यापुढचा ०० म्हणजे मिडी चॅनल १. पॅरामीटर एकूण ३६, ० ते ३५. फिल्टरचा कटऑफ १६ वा, म्हणजे हेक्समध्ये १०. रेझोनन्स (कटऑफपाशी आवाजाला येणारा उठाव) १७ वा, म्हणजे ११. सिंथच्या मिडी मेनूत एक्सक्लूझिव्ह ऑन करून ठेवा, नाहीतर तुम्ही बरोबर पाठवलेलंही तो मुकाट्याने सोडून देईल.

आता पहिल्या दिवशी फक्त एक नॉब जोडा. डबा नको, पॅनेल नको, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायची पाटी) एक पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रोध. दहा किलोओहमचा, लिनियर, म्हणजे फिरवू तितका समान बदलणारा. बहुतेक पॉटवर बी१०के लिहिलेलं असतं तो लिनियर आणि ए लिहिलेला लॉगरिदमिक, पण अक्षरावर विसंबू नका. पॉट मधोमध ठेवून मधली पिन आणि कडेची पिन यांच्यामधला रोध मल्टिमीटरवर बघा, पाच किलोओहमच्या आसपास हवा. पॉटच्या एका कडेला ५ व्होल्ट, दुसरीकडे ग्राउंड, मधली पिन अर्डुइनोच्या ए० ला. मिडीच्या पाच पिनांच्या सॉकेटवर पिन २ ला ग्राउंड, पिन ४ ला २२० ओहममधून ५ व्होल्ट, पिन ५ ला दुसऱ्या २२० ओहममधून टीएक्स, म्हणजे अर्डुइनोची डेटा पाठवणारी पिन. सीरियलचा वेग ३१२५०. एवढंच. पॉट वाचा, १०२३ पर्यंतचा आकडा आठाने भागून १२७ पर्यंत आणा, वरच्या दहा बाइटमध्ये घाला, पाठवा. एक सूर धरून ठेवा आणि नॉब फिरवा. फिल्टर हाताखाली उघडताना पहिल्यांदा ऐकलात की पुढच्या सगळ्या वायरी ओढायला बळ येतं.

काहीच ऐकू आलं नाही तर आधी सॉकेट उलटं पकडून बघा. माझी पहिली पूर्ण रात्र त्यात गेली. आकृती सॉकेटच्या पुढच्या बाजूची होती आणि मी सोल्डर करत होतो मागच्या बाजूला, त्यामुळे ४ आणि ५ ची अदलाबदल झाली. प्रोग्राम तीनदा नव्याने लिहिला, दोष मात्र दोन वायरींचा होता. पिन २ मधोमध असल्याने ती दोन्हीकडून बरोबरच दिसते, म्हणून संशय येत नाही. प्लास्टिकवर प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो, भिंगातून बघा. अशा चुकीने सिंथ जळत नाही, मिडी इनमध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशाने संदेश पलीकडे देणारा भाग) आणि उलट्या प्रवाहापासून वाचवणारा डायोड असतो. आणखी एक: अर्डुइनो ऊनोवर प्रोग्राम चढवताना मिडीची केबल काढून ठेवा. टीएक्स तीच असल्यामुळे तो सगळा कचरा सिंथकडे जातो.

आता मुख्य दुखणं. टेबलावर नुसता पडलेला पॉट अर्डुइनो वाचतो तेव्हा आकडा स्थिर नसतो. ५११, ५१२, ५११, ५१३ असा तो हलत राहतो. आठाने भागल्यावर ५११ चे ६३ होतात आणि ५१२ चे ६४. म्हणजे पॉट नेमका त्या सीमेवर थांबला असेल तर हात न लावताही ६३-६४-६३ अशी रांग सुरू होते. कटऑफवर हे ऐकू येतं, लांब सुरात फिल्टर थरथरतो. त्याहून वाईट म्हणजे लाइन भरते. मिडीत एका बाइटचे स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. दहा बाइटच्या सिसेक्सला ३.२ मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम तीनशे संदेश बसतात. पाच-सहा पॉट असे बडबडायला लागले की तुम्ही खरोखर फिरवलेल्या नॉबची पाळी उशिरा येते आणि सिंथमधला तो जुना प्रोसेसर उत्तर देताना मागे पडतो. मग नॉब फिरवला की आवाज फरफटत मागून येतो.

यावर अनेक जण नुसती सरासरी काढतात. त्याने थरथर कमी होते पण थांबत नाही. सीमेवरची सरासरीही सीमेवरच असते. लागतो तो हिस्टेरेसिस. शेवटचा पाठवलेला मूळ आकडा, म्हणजे भागाकार करण्याआधीचा, प्रत्येक नॉबसाठी लक्षात ठेवा. नवा आकडा त्यापासून सहा-सातने तरी दूर गेला तरच तो खरा माना, नाहीतर काही झालंच नाही असं समजा. शिवाय पॉटच्या मधल्या पिनेवरून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि हलकी सरासरीही ठेवा. तिन्ही मिळून माझे चोवीस नॉब तासन्‌तास एक बाइटही पाठवत नाहीत. टीएक्सवर लावलेला एलईडी पूर्ण विझलेला दिसला की काम झालं समजा. मी तो एलईडी अजून काढलेला नाही.

पण या उपायातूनच नवी खोड निघते. एकदा व्हायब्रॅटोचा नॉब पूर्ण डावीकडे फिरवूनही सूर किंचित डुलतच होता. शेवटचा पाठवलेला आकडा ११ होता, म्हणजे किंमत १, आणि पॉट टोकाला ५ पेक्षा खाली जात नव्हता. फरक सहाचा, माझी अट सातची, त्यामुळे शून्य कधी गेलंच नाही. म्हणून दोन्ही टोकांना वेगळा नियम लावा: आकडा ६ च्या खाली गेला की तो सरळ शून्य, १०१७ च्या वर गेला की सरळ १०२३, तिथे फरक तपासायचाच नाही. बंद म्हणजे बंद वाटणं हाताला फार महत्त्वाचं असतं.

नॉब वाढवायचे झाले की अर्डुइनोच्या अॅनालॉग पिना पुरत नाहीत. तिथे ४०५१ मल्टिप्लेक्सर, म्हणजे अनेक इनपुटांतून एकेक निवडणारी चिप, वापरा. एका चिपमध्ये आठ पॉट, निवडीच्या तीन वायरी सगळ्या चिपना सामाईक, आणि प्रत्येक चिपची एक वायर अॅनालॉग पिनेला. तीन चिपमध्ये चोवीस नॉब होतात. मोकळी राहिलेली इनपुट ग्राउंडला बांधा. इथे एक भुताटकी भेटते: तिसरा नॉब फिरवला की चौथाही जरासा हलतो. अर्डुइनोच्या आत वाचनाचा एक छोटा कपॅसिटर असतो, त्यात आधीच्या चॅनलचा व्होल्टेज उरलेला असतो. चॅनल बदलल्यावर काही मायक्रोसेकंद थांबा, एकदा वाचून ते वाचन टाकून द्या, दुसरं धरा. भूत जातं. सगळ्या पॉटना ५ व्होल्ट अर्डुइनोच्याच पिनेवरून द्या, बाहेरून नको. मोजमापाचा संदर्भही तोच व्होल्टेज असल्याने तो खालीवर झाला तरी आकडा हलत नाही.

छत्तीसही पॅरामीटर पॅनेलवर आणू नका असं मी आग्रहाने सांगेन. तीन तर आफ्टरटचचे (दाबलेल्या पट्टीवर आणखी दाब दिला की होणारा बदल) आहेत आणि जुनो-१ च्या पट्ट्यांना आफ्टरटच नाही. काहींच्या किमती फक्त ० ते ३ किंवा ० ते ५, जसं की लहरीचा आकार, रेंज (सप्तक), हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर). त्यांना पॉट लावलात तर पूर्ण फेरीचे जितक्या किमती तितके तुकडे करा आणि तुकड्यांच्या सीमेवर थोडी मृत जागा ठेवा. मी रेंज आणि बेंडर (सूर वाकवायची मर्यादा) सोडूनच दिले, ते सिंथवरूनच बदलतो.

नॉबची मांडणी आवाजाच्या वाटेने करा: डावीकडे एलएफओ (आवाज हळू डोलवणारी लहर), मग ऑसिलेटर (मूळ सूर तयार करणारा), फिल्टर, व्हीसीए (आवाजाची पातळी) आणि खाली एन्व्हेलपची, म्हणजे सूर कसा चढतो-उतरतो त्याची, रांग. आधी पुठ्ठ्यावर भोकं पाडून पॉट बसवा आणि आठवडाभर तसंच वाजवा. माझ्या पहिल्या पुठ्ठ्यावर नॉबमधलं अंतर २० मिलिमीटर होतं, रेझोनन्स फिरवताना बोट कटऑफला लागायचं. ३० केलं तेव्हा हात मोकळा झाला. कटऑफला बाकीच्यांपेक्षा मोठी टोपी लावली, आता तो न बघता सापडतो.

राहिला एक प्रश्न, तो तुम्हाला पहिल्याच दिवशी पडेल. सिंथवर दुसरा आवाज निवडला की नॉब एकीकडे आणि आवाजाची किंमत दुसरीकडे. नॉबला हात लावताच आवाज उडी मारतो. यावर पिकअप नावाचा उपाय आहे: नॉब जुन्या किमतीवरून जाईपर्यंत काहीच पाठवायचं नाही. त्यासाठी सिंथकडून किमती वाचाव्या लागतात, म्हणजे मिडी इन, ऑप्टोकपलर आणि बराच जास्त प्रोग्राम. पहिल्या डब्यात हे नको. त्याऐवजी एक बटण लावा, दाबलं की पॅनेलवरचं सगळं आणि पॅनेलवर नसलेल्यांच्या ठरलेल्या किमती एकापाठोपाठ जातील. छत्तीस संदेशांना सुमारे ११५ मिलिसेकंद लागतात. मी प्रत्येक दोनांमध्ये थोडी उसंत दिली आहे. बटण दाबल्यावर जे दिसतं तेच ऐकू येतं, आणि शून्यातून आवाज घडवायला मला हीच पद्धत जास्त आवडते.

पुढे कधी सिक्वेन्सरचे (सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राचे) सूर याच डब्यातून सिंथकडे न्यावेसे वाटले तर एवढं लक्षात ठेवा: सिसेक्सच्या दहा बाइटच्या मध्ये नोटचा बाइट घुसला की सिसेक्स तिथेच तुटतो. मध्ये चालतात ते फक्त क्लॉकसारखे रिअल-टाइम बाइट. नोट रांगेत थांबवा, एफ७ गेला की सोडा.

आणि आवाज जमला की तो सिंथमध्ये लगेच राइट करा. डब्यातून केलेले बदल तात्पुरत्या जागेत राहतात, दुसरा टोन (साठवलेला आवाज) निवडला की पुसले जातात. मेमरी प्रोटेक्ट आधी ऑफ करायला लागेल.