वाचकांचे प्रश्न : शिवसागरात बोटीने फिरताना

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आईवडील आणि सहा वर्षांच्या मुलासह बामणोलीहून बोटीने तापोळ्याला जायचं आहे. बोटीत बसण्यापूर्वी काय पाहावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दिवाळीच्या सुमारास शिवसागर सहसा बराच भरलेला असतो, दिवस चांगले निवडलेत. कोयनेचं हे धरण सुमारे 105 टीएमसीचं, त्यामुळे काठाजवळसुद्धा पाणी एकदम खोल होतं. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच चढवा, बोटीत गेल्यावर नव्हे. सगळे बक्कल लावून दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे, पट्टे आवळा. मुलाला मोठ्यांचं जॅकेट मुळीच घालू नका. पाण्यात ते वर निघून येतं आणि मूल खालून निसटतं. जॅकेटवर वजन छापलेलं असतं, त्याप्रमाणे मागून घ्या. बसायला उशीसारखं वापरलेलं जॅकेट नाकारा, कारण दबलेला फोम पुरेसा तरंगत नाही.

आईवडिलांना मधोमध, खाली बसवा. छपराच्या बोटीत बाजूची ताडपत्री बांधलेली असेल तर ती सोडायला सांगा. बोट उलटली तर जॅकेट माणसाला वर ढकलतं आणि तो बोटीच्या आतच अडकतो. म्हणून मुलाला उघड्या बाजूजवळ, पण कुणाच्या तरी हाताशी ठेवा. फोटोसाठी सगळे एका बाजूला उठले की बोट कलते; इथला सर्वांत मोठा धोका तोच, आणि तो पूर्णपणे टाळता येतो. पाण्यात पडलात तर बोटीला धरून राहा. काठ दिसतो त्याहून लांब असतो.

शक्यतो सकाळीच निघा. दुपारी वारा वाढला की लांब, सरळ पात्रात लाटा उठतात.

प्रश्न : मे महिन्यात गेलो तर चालेल का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : चालेल, पण पाणी बरंच उतरलेलं असतं. बोट लागते ती जागा खाली सरकते आणि मध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. वरून सुकलेला दिसला तरी पाय गुडघ्यापर्यंत रुततो, म्हणून नावाडी चालतो त्याच वाटेने जा. उथळ पाण्यात खडक आणि जुने बुंधे इंजिनाच्या पंख्याला लागतात. तिथे नावाडी वेग कमी करतो, त्याला घाई करू नका. वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि अंधार पडण्यापूर्वी परत येण्याची वेळ नावाड्याशी ठरवून घ्या.