बाहेरचा माणूस गावाचाच होऊन जातो, असा घरच्यांसोबत बघण्यासारखा चित्रपट कोणता?

डोळे झाकून 'स्वदेस' लावा. आई-वडील आणि आज्जी-आज्जांसोबत बसून बघायचा सिनेमा तुम्ही विचारलाय, तर आशुतोष गोवारीकरांच्या २००४ सालच्या या सिनेमाइतका जवळचा मला दुसरा कुठलाच वाटत नाही.

गोष्ट साधी आहे. नासात नोकरी करणारा मोहन भार्गव, लहानपणी ज्यांनी सांभाळलं त्या कावेरीअम्मांना अमेरिकेला न्यायला म्हणून चरणपूर नावाच्या गावात येतो. अम्मांचं काम केलेल्या किशोरी बल्लाळ मूळच्या कन्नड अभिनेत्री. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात घरात मराठी आणि बाजारात कन्नड चालतं, त्यामुळं अम्मा आम्हाला आपल्यातल्याच वाटल्या. आमच्या आज्जीला हिंदी बेताचंच समजतं, तरी ती शेवटपर्यंत जागची हलली नाही.

मला हा सिनेमा आवडतो तो गाव उगाच गोडगोड करून दाखवत नाही म्हणून. गावात पडद्यावर सिनेमा लावतात, तेव्हा वरच्या जातीचे पडद्यापुढं बसतात आणि बाकीचे पडद्यामागं, उलटी चित्रं बघत. मध्येच वीज जाते. मोहन पोरांना आकाशातले तारे दाखवायला लागतो आणि त्या गाण्यात मधला पडदाच उतरतो. उदित नारायण यांना याच गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याकडं जत्रेतल्या नाटकाला पूर्वी कोण कुठं बसायचं हे ज्यांनी बघितलंय, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

खरा कळस मात्र हरिदासचा. गावातली शिक्षिका गीता, तिच्या शेताचा खंड वसूल करायला मोहन त्याच्याकडं जातो. हरिदास विणकर, माग चालेना म्हणून शेतीकडं वळला. जातीचा धंदा सोडला म्हणून गावानं त्याला पाणी दिलं नाही, पीक गेलं. तो हे रडगाणं गाऊन सांगत नाही, खाली मान घालून सांगतो. मोहन काय बोलणार? आहेत ते पैसे त्याच्या हातात ठेवून निघतो. परतताना एका स्टेशनवर चार आण्याला पाणी विकणारं एक पोर खिडकीशी येतं आणि तोवर बाटलीबंद पाणी पिणारा मोहन ते पाणी पितो. संवाद जवळजवळ नाहीच, सगळं शाहरुख खानच्या डोळ्यांत आहे. इथं तो पाहुण्याचा गावकरी होतो. पुढं डोंगरातलं पाणी अडवून वीज करायची ती सगळ्यांना हाताशी धरूनच. आणि हे फक्त सिनेमातलं नाही बरं का. नर्मदा खोऱ्यातल्या बिलगावात लोकांनी श्रमदानानं असा छोटा वीजप्रकल्प खरोखर उभा केला होता. आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचे ओढे बघितलेल्या माणसाच्या मनात तो भाग बघताना 'आपल्याकडं का नको?' हे आल्याशिवाय राहत नाही.

चरणपूर म्हणून दिसतं ते वाईजवळचं मेणवली. बेळगावहून पुण्याला जाताना सातारा सोडल्यावर वाईकडं वळलात, तर कृष्णेचा तो घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा घरच्यांना दाखवता येईल.

सिनेमा तीन तासांहून मोठा आहे. जेवणं आधीच उरकून घ्या आणि हरिदासचा प्रसंग चालू असताना आईला चहा टाकायला उठवू नका.