रिलॅक्सर (केस कायमचे सरळ करणारं रसायन) सोडून मूळच्या कुरळ्या केसांवर परत यायचं आहे. केस न कापता जमेल का?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं दर दोन-अडीच महिन्यांनी मुळांना रिलॅक्सर लावत होता आणि चार महिन्यांपूर्वी बंद केलात. आता मुळाशी कुरळे, खाली सरळ असे केस झालेत, आणि कंगव्यात रोज तुकडे सापडतात. थेट उत्तर: न कापता नाही जमणार. पण आजच सगळे उतरवायची गरजही नाही.

केसाचा पीळ टिकतो तो केराटिन या केसातल्या प्रथिनामधल्या गंधकाच्या बंधांमुळे, म्हणजे डायसल्फाइड बंधांमुळे. रिलॅक्सरमध्ये एकतर सोडियम हायड्रॉक्साइड असतं, नाहीतर लावायच्या आधी एकत्र करायचे दोन भाग (कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं क्रीम आणि ग्वानिडिन कार्बोनेटचं द्रावण). सामू (पीएच) 12 ते 14. हा क्षार बंधातला एक गंधकाचा अणू काढून घेतो आणि तिथे लॅन्थिओनिन नावाचा वेगळाच बंध तयार होतो. तो उलटवता येत नाही. तेल, मास्क, प्रोटीन, कशानेही नाही. जी लांबी सरळ झाली ती कापली जाईपर्यंत सरळच राहणार, आणि मुळातून येणारा केस मात्र पहिल्या दिवसापासून तुमचा स्वतःचा असणार.

इथेच एक सावधगिरी. 'खालच्या सरळ भागाला पर्मिंग करून कुरळं करू, म्हणजे वरच्याशी जुळेल' असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. पर्मिंग आणि रिबाँडिंग ही थायोग्लायकोलेट (थोडक्यात थायो) या रसायनाची कामं. ज्या केसातले बंध हायड्रॉक्साइडने आधीच बदललेत, त्यावर थायो चढवलं की उरलेसुरले बंधही जातात आणि केस ओला असतानाच हातात तुटून येतो. ब्लीचही तितकंच वाईट.

आता हिशोब. केस महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंमी वाढतो. म्हणजे तुमच्याकडे आत्ता 4-5 सेंमी नवा केस आहे, तोही ताणून मोजला तर. घट्ट पिळाचा केस सुकल्यावर निम्म्याहून कमी दिसू शकतो. हनुवटीपर्यंतची लांबी पूर्ण नव्या केसांची हवी असेल तर दीड वर्ष धरा. तोवर दर 6-8 आठवड्यांनी खालून दीड-दोन सेंमी कापत राहिलं की एकूण लांबी साधारण तेवढीच राहते आणि सरळ भाग कमी होत जातो. ज्यांना हे दोन तऱ्हांचे केस सांभाळणं नको वाटतं, त्यांनी नवा केस 5-7 सेंमी झाला की एकदम कापावं. माझं मत विचाराल तर, तुकडे जास्त पडत असतील तेव्हा हाच मार्ग सोपा, कारण सांभाळायचा कमजोर भागच उरत नाही.

हळूहळू जायचं ठरवलंत तर सगळं लक्ष एकाच जागी द्या: नवा आणि जुना केस जिथे जुळतात तो जोड. वरचा भाग वळणावळणाचा आणि चिवट, खालचा सरळ आणि सच्छिद्र झालेला. कंगवा ओढला की ताण येऊन थांबतो तो या जोडावर. त्यातून तिथे बऱ्याचदा एकाच जागी दोनदा-तीनदा रिलॅक्सर चढलेलं असतं. तुमचे तुकडे तिथलेच आहेत का हे बघायला कंगव्यातला एक केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळातून आपोआप गळलेला. दिवसाला असे 50 ते 100 गळणं सामान्य. दोन्ही टोकं बोथट, गाठ नाही, तर तो तुटलेला. मग तो चिमटीत धरून बोटं हळूच सरकवा: खडबडीत, वळणं लागणारा भाग संपून जिथे एकदम गुळगुळीत लागतं, तो जोड. तुकडा पूर्णच गुळगुळीत लागला तर तुटणं जोडाशी किंवा त्याच्या खाली होतंय.

हे थांबवायचं ते धुताना. आठवड्यातून एकदा पुरे. धुण्याआधी खोबरेल तेल खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे, मुख्यतः जोड आणि टोकांना, निदान अर्धा तास. खोबरेल मुद्दाम सांगतेय, कारण ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रोटीनची झीज कमी करतं. मग केसांचे सहा भाग करून चाप लावा आणि सगळं धुणं त्या भागांतच करा. डोक्यावर ढीग करून चोळलं की गुंता जोडावरच बसतो. शाम्पू फक्त टाळूला, फेस खाली वाहू द्यायचा. कंडिशनर सढळ, केस बोटांतून निसटेल इतका. तो केसांत असतानाच गुंता सोडवायचा, आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर येत. दुसऱ्या हाताने बट जोडावरच घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही आणि जोडालाही झटका बसत नाही. कोरड्या केसांत कंगवा घालूच नका.

कॅल्शियमवालं रिलॅक्सर वापरलं असेल तर केसांवर कॅल्शियमचा थर बसलेला असतो. केस कितीही मास्क लावला तरी राठ आणि निस्तेज राहतो तो यामुळे. महिन्यातून एकदा असा शाम्पू घ्या ज्याच्या घटकांत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए लिहिलंय आणि बाटलीवर 'चिलेटिंग' (खनिजांचा थर काढणारा) म्हटलंय. पाणी जड असेल तर तो पुढेही लागेल.

प्रोटीन मास्कबद्दल गोंधळ फार होतो. ओला केस दोन्ही बाजूंनी धरून हलका ताणा. थोडा ताणून परत आला तर ठीक. च्युइंगमसारखा लांबत गेला आणि परतलाच नाही तर प्रोटीन हवंय: हायड्रोलाइज्ड केराटिन किंवा गव्हाचं प्रोटीन असलेला मास्क, चार ते सहा आठवड्यांतून एकदा. न ताणता कट्‌ झाला तर प्रोटीन थांबवून साधा कंडिशनर वाढवा. दर आठवड्याला प्रोटीन लावलं की केस काडीसारखा कडक होतो आणि आणखी तुटतो.

दिसण्याचा प्रश्न रोज छळतो, तो असा सोडवा. केस ओले असतानाच लीव्ह-इन (न धुता केसांत ठेवायचा कंडिशनर) आणि थोडं जेल लावून दोन पदरी पीळ घाला, दहा-बारा. खालच्या सरळ टोकाला पीळ धरत नाही आणि तो उलगडतो, म्हणून प्रत्येक टोक छोट्या फोमच्या रोलरवर गुंडाळा. पूर्ण सुकू द्या, अगदी आतपर्यंत; किंचित दमट असताना सोडले तर तासाभरात सगळं फुगतं. सोडताना बोटांना दोन थेंब तेल. जेलचा कडकपणा केस मुठीत हलके दाबले की जातो. रात्री सॅटिनची टोपी किंवा उशीला सॅटिनचा अभ्रा.

पीळ असो वा वेणी, कपाळाच्या कडेला ओढून बांधू नका. बांधल्यावर दुखलं किंवा बारीक पुळ्या आल्या तर ते घट्ट आहे, त्याच दिवशी सोडा. दर वेळी ओढ बसत राहिली तर कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात. वरून केस जोडून घातलेल्या वेण्या सहा-आठ आठवड्यांच्या पलीकडे ठेवायच्या नाहीत.

केसांची इस्त्री (स्ट्रेटनर) मात्र या काळात शक्यतो बंदच. 'फक्त मुळं जरा सरळ करून घेते' यातून नवा केस उष्णतेने सरळ होऊन बसतो आणि चार महिन्यांची वाट फुकट जाते. ओल्या केसांवर तर कधीच नाही: आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि तिथून तो मोडतो.

आलेल्या केसांचा पीळ बघून आत्ताच निराश होऊ नका. खालच्या सरळ लांबीचं वजन वरच्या वळणांना ओढून ठेवतं, त्यामुळे ती अर्धवट लाटांसारखी दिसतात. ते वजन गेल्यावर तोच केस वर उसळतो. डोक्याच्या मागे, कानांजवळ आणि माथ्यावर पीळ वेगवेगळा असणंही अगदी नेहमीचं.

रिलॅक्सरचा तब्येतीवर काय परिणाम होतो, हेही विचारलंत. अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य विज्ञान संस्थेने 2022 साली 33 हजारांहून अधिक स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण अंदाजे 1.64 टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के निघालं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि धोका एकूण कमीच आहे. घाबरू नका, पण सोडण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. माथ्याच्या मधोमध केस विरळ होत असतील आणि तिथली त्वचा गुळगुळीत, चकचकीत, रोमछिद्रं न दिसणारी असेल, किंवा तिथे आग होत असेल, तर तो तुटण्याचा प्रकार नाही. व्रण पडून छिद्र बुजलं की तिथे केस परत येत नाही. त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवा, तेल-मास्कमध्ये महिने घालवू नका.

शेवटचा सरळ भाग कापताना केस धुऊन भिजवा, कंडिशनर लावा आणि एकेक बट हातात घ्या. ओल्या केसात जोड अगदी स्पष्ट दिसतो: वर गुंडाळलेला, खाली लोंबता. लोंबता भाग सुरू होतो त्याच्या अर्धा सेंमी वर कापा. आकार देण्याचं काम त्या दिवशी करू नका. पूर्ण सुकल्यावर, दुसऱ्या दिवशी, कुरळे केस कोरडे असताना कापू शकणाऱ्या माणसाकडून करून घ्या.