८५ च्या पुढे स्टिअरिंग थरथरते: रॅक बदलण्याआधी काय तपासावे

आपण दिलेली माहिती अशी: गाडी १२ वर्षांची आहे, ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते, ११० च्या आसपास थरथर कमी होते, बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे समान करणे) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) दोन्ही करून झाले आहे आणि आता गॅरेजमध्ये रॅक, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत पोहोचवणारा दातेरी दांडा, बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. माझे स्पष्ट मत आहे की रॅकला इतक्यात हात लावू नये. ढिला रॅक, झिजलेले टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांची टोके) किंवा फाटलेले रबरी बुश थरथर वाढवतात आणि ती हातापर्यंत पोहोचू देतात. पण या वेगाला ती मुळात उत्पन्न होते ती बहुतेक वेळा एखाद्या फिरणाऱ्या भागात. जुन्या गाडीत दोन्ही दोष एकत्र नांदत असतात, त्यामुळे महागडा भाग बदलला की हादरा थोडा मंदावतो आणि मूळ कारण मात्र जागच्या जागी राहते.

ठरावीक वेगातच येणारी थरथर हे चाकाच्या असंतुलनाचे नेहमीचे लक्षण आहे. ताशी ९० किलोमीटरला मध्यम आकाराच्या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरते. रिमच्या कडेला केवळ ३० ग्रॅमचा फरक असला तरी त्या वेगाला तो चाकाला जवळपास ४ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो आणि वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. चाकाच्या फेऱ्या सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या स्वाभाविक कंपनांशी जिथे जुळतात, तिथे थरथर सर्वांत जास्त जाणवते. त्यापुढे ती हाताला कमी लागते, दोष मात्र कायम असतो.

प्रथम सरळ, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू झाली की गाडी काही क्षण न्यूट्रलमध्ये टाकून पाहा. इंजिन बंद करू नका, कारण त्यामुळे पॉवर स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत जाते. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि त्याची माउंटिंग संशयातून सुटतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हादरा येत असेल आणि पाय काढताच थांबत असेल, तर अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट पाहावा. फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल, तर डिस्क पाहावी. स्टिअरिंगऐवजी सीट आणि फरशी हलत असेल, तर दोष बहुधा मागच्या चाकांत असतो.

बॅलन्सिंग झाले म्हणून टायर निर्दोष आहे असे समजू नका, आणि या मुद्द्यावर मी आग्रही आहे. साधे मशीन वजनातील फरक दाखवते, टायर गोल आहे की नाही हे सांगत नाही. पुढचे चाक जॅकवर उचला, गाडीला स्टँडचा भक्कम आधार द्या, ट्रेडपासून (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीपासून) बोटभर अंतरावर एखादी स्थिर वस्तू ठेवा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. मधली फट कमी-जास्त होते का ते पाहा. तीच तपासणी रिमच्या कडेचीही करा. ट्रेडची रेघ फिरताना नागमोडी दिसली किंवा तळव्याला फुगवटा लागला, तर आतील तारांचे थर सुटू लागले आहेत आणि तो टायर बाद आहे. टायरच्या बाजूवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३ वा आठवडा. कमी चाललेल्या जुन्या गाडीत नक्षी शाबूत आणि रबर मात्र कडक झालेले, असे सर्रास आढळते. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असेल, किंवा डिंकाचा चौकोनी डाग उरून वजन गळून पडलेले असेल, तर मागचे बॅलन्सिंग व्यर्थ गेले आहे. बाहेरून घेतलेली अलॉय व्हील असतील तर मधले भोक हबवर (चाक ज्यावर बसवतात त्या भागावर) घट्ट बसते का, हेही पाहावे.

यानंतरची चाचणी मला सर्वांत उपयुक्त वाटते आणि तिला खर्चही नाही. टायरचे माप चारही बाजूंना एकच असेल, तर पुढची चाके त्याच बाजूला मागे आणि मागची पुढे लावा. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली, तर दोषी चाकच आहे. ती जागची हलली नाही, तरच हब, बेअरिंग, डिस्क आणि अ‍ॅक्सलकडे वळावे. चाक उचललेले असताना वर-खाली हलवून खेळ (ढिलेपणा) जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आणि केवळ डावी-उजवीकडे जाणवला तर टाय रॉड किंवा रॅक. अलाइनमेंट बिघडल्यास गाडी एका बाजूला ओढते आणि टायर तिरके झिजतात. थरथर त्यातून थेट क्वचितच येते.

फुगवटा सापडला, नट ढिले निघाले किंवा थरथर दिवसेंदिवस कमी वेगाला सुरू होऊ लागली, तर दुरुस्तीपर्यंत गाडी महामार्गावर नेऊ नका. तसे काही नसेल, तर चाकांची अदलाबदल केल्यावर थरथर कोठे गेली आणि चारही टायरांचे ते चार आकडे काय आहेत, एवढे कळवा. रॅकचा विचार त्यानंतर करता येईल.